चार बोटं

फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान,
म्हणून गावात इंग्रजीतलं जे काही येतं
ते आधी माझ्यापुढे ठेवतात :
औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, बँकेचं पत्र,
आणि त्या श्रावणात एक उंच म्हातारा.
कारंज्याच्या एसटीतून उतरलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
नाव हेंड्रिक.

'मॅडम, याले काय पायजे थे पाहा बरं.'

त्याला दुकान हवं होतं.
छोट्या आगगाड्यांचं.
खेळण्यातल्या नव्हेत, हे त्यानं दोनदा सांगितलं.
खऱ्या गाडीवरून मापून उतरवलेल्या,
बरोबर सत्त्याऐंशी पट लहान.

वही उघडली.
ज्या ज्या देशात फिरला तिथे एक असं दुकान हुडकलेलं :
एक बेकरीच्या मागे,
एक दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर,
एक कुठल्याशा बंदरात, मालक आंधळा,
बोटं फिरवून डबे ओळखायचा.
तारीख, गल्ली, काय घेतलं, पावती चिकटवलेली.
आमच्या देशाचं पान कोरं.
जुन्या नकाशात त्याला इथे बारीक गाडीची रेघ दिसली,
म्हणजे दुकानही असणारच, असा त्याचा हिशोब.

पानठेल्यावर सभा भरली.
रमजूभाई म्हणाले, 'चावीवाली भेटते यात्रेत,'
पण यात्रा माघात.
कोणी म्हणालं, 'मोठी बंद पडून इतके वर्सं झाले,
लहान कुठून येईन?'
कोणी म्हणालं, 'यवतमाळले पाठवा.'
ज्याचं उत्तर गावात नसतं
ते सगळं यवतमाळला पाठवायची आमची रीत.
शेवटी रमजूभाईच म्हणाले,
'चाकंच पायजे ना त्याले? मंग डोमाजीकडं न्या.'

डोमाजीच्या पडवीत तान्ह्या पोळ्याचे नंदी,
सागाचे, अजून रंग न चढलेले,
भुशात ओळीनं उभे, पायांखाली चार चार चाकं.
हेंड्रिक उकिडवा बसला.
खिशातून पितळी मोजपट्टी काढून
चाकापासून चाकापर्यंत धरली,
दुसऱ्या नंदीला धरली, तिसऱ्याला,
आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

'काका, माप कोणतं?'
'चार बोटं.'
'कोणाची?'
'ज्याच्या पोट्ट्याले नंदी पायजे, त्याच्या बापाची.
बाप नसंन तं मायची.
मायची बोटं बारीक, मंग नंदीबी बारीक होते.
पण दौडते जास्त.'

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं.
म्हातारा लिहायला लागला आणि थांबला.
पेन टोपणात घातलं.
मग आपला हात पुढे केला.

डोमाजीनं त्या गोऱ्या, सुरकुतल्या बोटांना सुतळी लावली.
'लेकरू किती वर्साचं?'
हेंड्रिकनं छातीवर हात ठेवला :
'एकाहत्तर.'

तीन दिवस तो शाळेच्या खोलीत राहिला.
नंदी मिळाला तशी एसटी सोडून
आधी जुन्या लायनीवर गेला.
तरोट्यात बुडालेले रूळ पायानं चाचपडत,
त्यांच्या मधल्या वाटेनं दोरी ओढत,
पुलापर्यंत गेला, परत आला.
मागे सोळा पोट्टे.
शिट्टी त्यानं स्वतःच मारली.

दिवाळीनंतर फोटो आला.
त्याच्या घरातलं खोलीभर टेबल,
बोगदे, दिवे, नखाएवढी माणसं,
आणि मधोमध रुळांवर आमचा नंदी, डोंगरासारखा.
दोन्हीकडून गाड्या खोळंबलेल्या.
पाठीमागे लिहिलं होतं :
मंगळवारपासून वाहतूक बंद आहे.
कोणाचीही तक्रार नाही.

डोमाजीनं फोटो दारात, उजेडात नेऊन पाहिला.
गाड्यांचं काही विचारलं नाही.
'उजवं शिंग ढिलं झालं,' म्हणाला,
'डिंक लाव म्हणा.
आन् पोळ्याच्या दिवशी
एक डाव तरी त्याले भायेर काढ म्हणा.'

तेवढंच मी टाइप केलं.
शिंगाला इंग्रजीत काय म्हणतात
ते मात्र शाळेत जाऊन विचारावं लागलं.